फुलदाणी उलटी करून बघावी

आपल्याकडे जे काही पांढरं, गुळगुळीत आणि हातातून निसटलं तर फुटणारं असतं, ते सगळं 'चिनी मातीचं'. कपबशी चिनी मातीची, लोणच्याची बरणी चिनी मातीची, दिवाणखान्यातली फुलदाणी तर चिनी मातीचीच. आता यातली लोणच्याची बरणी बहुतेकदा गुजरातेतल्या थानची असायची. तिथला परशुराम पॉटरी वर्क्स हा कारखाना गणपुले या मराठी माणसाने काढलेला. म्हणजे माती सौराष्ट्राची, मालक मराठी, आत कैरी कोकणातली आणि नाव मात्र चीनचं! एकदा नाव पडलं की मग कोणी उलटून बघत नाही. आजचा लेख आहे तो या उलटून बघण्याबद्दल.

फुलदाणी ही वस्तू तशी आपल्या घरातली नव्हे. गुलाबदाणी होती, अत्तरदाणी होती, पिकदाणी होती. पण देठासकट फुलं तोडून ती पाण्यात उभी करून ठेवायची आणि चार दिवसांनी फेकून द्यायची, ही रीत आपली नाही. फुलं देवाला, वेणीला किंवा हाराला. माझ्या आईला कोणी गुलदस्ता दिला तर ती म्हणायची, "देवाला नाही, डोक्यात नाही, मग झाडावरच राहू द्यावीत की!" मुंबईत फुलदाणी आली ती साहेबाच्या बंगल्यातून आणि पारशी शेठियांच्या दिवाणखान्यातून. तिच्या मागोमाग ती ठेवायची उंच, नक्षीदार तिवई आली. आपल्याकडे पाण्याच्या घागरी ठेवायची घडवंची होतीच, पण ती मोरीशेजारी. घडवंची बैठकीच्या खोलीत आली आणि तिला वेलबुट्टी फुटली, असं म्हटलं तरी चालेल.

पारशांच्या घरी खऱ्या चिनी फुलदाण्या आल्या त्या चीनच्या व्यापारामुळे. जमशेदजी जीजीभॉय (१७८३-१८५९) यांनी तरुणपणी चीनच्या पाच सफरी केल्या. इथून जायचा कापूस आणि अफू. तिकडून यायचा चहा, रेशीम, साखर आणि चिनी मातीची भांडी. अफूचं नाव घेताना आपली पाठ्यपुस्तकं जरा अडखळतात. शाळेत असताना मी मात्र मुलांना स्पष्ट सांगत असे. मुंबईतली कितीतरी धर्मादाय रुग्णालयं, धर्मशाळा आणि शाळा यांच्या पायात तो पैसा आहे, आणि त्याच पैशाने पुढे हजारोंचं भलंही केलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

या चिनी आणि जपानी वस्तू नीट बघायच्या असतील तर आपल्या म्युझियममध्ये जावं. (गिरगावकरांसाठी म्युझियम म्हणजे काळा घोड्याचं, आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय.) सर रतन टाटा १९१८ साली गेले आणि सर दोराबजी टाटा १९३२ साली. दोघा भावांचे संग्रह तिथे आले. काचेपलीकडून का होईना, खरा माल कसा दिसतो ते एकदा डोळ्यांत बसवून घ्यावं. पुढे चोरबाजारात त्याचा उपयोग होतो.

आता हे सगळं मला का सुचलं ते सांगते. माझ्या भाचीची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला निघाली आहे. दोन खोल्यांतलं ऐंशी वर्षांचं सामान बाहेर काढायचं म्हणजे काय, हे ज्यांनी काढलंय त्यांनाच कळेल. त्या सामानात एक हातभर उंचीची फुलदाणी आहे, पांढऱ्यावर सोनेरी नक्षी आणि छत्र्या घेतलेल्या बायका. ती ज्या तिवईवर असते ती तिवई काळी, तीन पायांची, कोरलेली. घरातली कथा अशी, की भाचीच्या आजेसासऱ्यांना त्यांच्या पारशी शेठजीने नोकरीची पंचवीस वर्षं झाल्यावर ही 'शंभर वर्षांची चिनी फुलदाणी' भेट दिली. तीन पिढ्या मुलांनी त्या फुलदाणीच्या आसपास बॅट-बॉल खेळायचा नाही, असा दंडक होता. तिवईला मात्र कोणी विचारत नसे. तिच्यावर रेडिओ बसला, मग काळा टेलिफोन बसला, आणि दरवर्षी गणपतीत फुलदाणी कपाटावर चढायची आणि तिवईवर समई. तेलाचं एक काळपट वर्तुळ तिच्या माथ्यावर कायमचं उमटलं आहे.

एक जुन्या वस्तूंचा व्यापारी घरी येऊन गेला. त्याने फुलदाणी हातातही घेतली नाही. म्हणाला, "ताई, ही राहू द्या तुम्हाला. तिवई देता का?" आणि अंतरिम घराचं दोन महिन्यांचं भाडं निघेल एवढी रक्कम त्याने सांगितली. भाचीने मला फोन केला. "मावशी, तू येऊन बघ गं जरा. मला काहीतरी गडबड वाटते."

मी गेले आणि आधी फुलदाणी उलटी केली. जुन्या भांड्याचं तोंड बघू नये, बूड बघावं. वरची नक्षी कोणीही काढतो. बुडाची जी कड टेकते तिथे झिलई नसते, तिथे माती उघडी दिसते आणि ती सहसा खोटं बोलत नाही. या फुलदाणीच्या बुडावर तर सरळ इंग्रजीत लिहिलेलं होतं, 'मेड इन जपान'. ऐंशी वर्षांत कोणी उलटीच केली नव्हती!

ही अक्षरं तारखेसारखी उपयोगी पडतात. अमेरिकेने १८९० साली मॅकिन्ले यांच्या नावाचा जकात कायदा केला आणि १८९१ पासून बाहेरून येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं झालं. जपानी कारखाने तेव्हा 'निप्पॉन' असं लिहीत. १९२१ मध्ये अमेरिकेने सांगितलं की निप्पॉन हा इंग्रजी शब्द नव्हे, 'जपान' लिहा. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं 'ऑक्युपाइड जपान' असंही लिहिलेलं सापडतं. तेव्हा 'मेड इन जपान' असलेली फुलदाणी साधारणपणे १९२१ नंतरची. आजेसासऱ्यांना ती मिळाली तेव्हा बाजारातून नवीच आणलेली असणार. शेठजीने काही फसवलं नसेल. 'शंभर वर्षांची' हे आपल्या घरातच कोणीतरी पुढे जोडलं असेल. उलट प्रकारही होतो बरं का. चिनी भांड्यांच्या बुडाशी बादशहाच्या कारकिर्दीचं नाव लिहिण्याची पद्धत आहे, पण एकोणिसाव्या शतकातले कुंभारसुद्धा दोनशे वर्षांपूर्वीच्या कांगशी बादशहाचं (१६६२-१७२२) नाव खुशाल घालत. त्यात फसवणूकच असे असं नाही, जुन्याबद्दलचा आदरही असे. म्हणून नुसतं नाव वाचून भागत नाही. अक्षरं सांगतात ते मातीला पटतंय का, हे पाहावं लागतं.

मग मी तिवईकडे वळले. व्यापाऱ्याने बरोबर हेरलं होतं.

ती उचलताना पहिल्यांदा कळतं ते वजन. शिसवीचं लाकूड जड, दाट आणि काळसर जांभळं. पाय आडवे-तिडवे वळलेले, खाली जनावराच्या पंजासारखे. माथ्याखालची पट्टी आरपार कोरलेली, द्राक्षाची पानं आणि वेल इतके दाट, की लाकूड उरलंय कुठे असं वाटावं. आतल्या बाजूला हात घातला तर पटाशीचे घाव बोटांना लागतात. यंत्राने कोरलेल्या नक्षीत ते तसे लागत नाहीत. वरची फळी नि खालचा दांडा यांचा सांधा मात्र साधा, जरासा खडबडीतच. कोरणाऱ्याने जीव ओतला आहे, जोडणाऱ्याने घाई केली आहे.

हे 'बॉम्बे ब्लॅकवूड' म्हणून जगभर ओळखलं जाणारं काम. कोटातल्या मेडोज स्ट्रीटवर (आताचा नगीनदास मास्टर रोड) एकोणिसाव्या शतकात या सामानाची दुकानं होती. घाट युरोपियन, कारण गिऱ्हाईक साहेब किंवा साहेबासारखा दिवाणखाना मांडणारा शेठ. हात मात्र इथले. ज्या हातांनी हवेल्यांचे खांब नि तुळया कोरल्या, त्या परंपरेतलेच हात. १८५१ साली लंडनला जे मोठं प्रदर्शन भरलं, त्यात मुंबईचं हे काळं कोरीव फर्निचर गेलं होतं. इंग्रज जाणकारांना ते जरा अतीच भरगच्च वाटे. खरं सांगायचं तर मलाही वाटतं. अशा खुर्चीत पाठ टेकवून बसलं की द्राक्षं टोचतात! आणि केरसुणीने पुसायला गेलं तर धूळ पानापानांत अडकते. पण तिवईला पाठ टेकवायची नसते, आणि तिथे ही नक्षी शोभून दिसते.

चोरबाजारात मटण स्ट्रीटला अशा तिवया अजूनही दिसतात आणि तीन जातींत त्यांची सरमिसळ होते. कँटनच्या तिवया बहुधा गोल किंवा चौकोनी, माथ्यावर संगमरवराची चकती बसवलेली, सांधे इतके घट्ट की खिळ्याचं नाव नको. ब्रह्मदेशातल्या सागवानाच्या, त्यांवर माणसं आणि राक्षस कोरलेले. आणि मुंबईच्या, पानाफुलांच्या. चौथी जात नव्या, काळं पॉलिश मारलेल्या नकलांची. ती वजनावरून आणि आतल्या कोरड्या, कोवळ्या लाकडावरून ओळखू येते.

तर एका घरात तीन पिढ्या जपानी फुलदाणीला चिनी म्हणत जपलं आणि मुंबईची तिवई टेलिफोनखाली ठेवली. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. दूरची वस्तू मोलाची आणि जवळची घरचीच, असं आपण कुठे करत नाही?

पण मुंबईने फक्त तिवया केल्या असंही नाही. मुंबईने स्वतःच्या फुलदाण्याही केल्या, आणि त्याही गिरगावापासून चालत जाण्याच्या अंतरावर. हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जमशेदजी जीजीभॉय यांनी १८५३ साली कलाशिक्षणासाठी एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. म्हणजे ज्या माणसाच्या जहाजांतून चिनी भांडी मुंबईत उतरली, त्याच्याच पैशावर उभ्या राहिलेल्या शाळेत पुढे मुंबईची भांडी झाली. शाळेच्या आरंभीच्या काळात जॉर्ज विल्किन्स टेरी हे तिचे अधीक्षक. १८६५ मध्ये जॉन लॉकवूड किपलिंग शिकवायला आले. 'जंगल बुक'वाल्या रुडयार्डचे हे वडील. रुडयार्डचा जन्म त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरचा, इथेच. थोरल्या किपलिंगनी तरुणपणी इंग्लंडात बर्स्लेम या कुंभारांच्या गावी उमेदवारी केलेली, म्हणजे मातीत हात घातलेला माणूस. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शेतकऱ्यांची शिल्पं त्यांचीच. रोज भाजी आणायला जाणाऱ्यांनी एकदा मान वर करून बघावीत.

भांड्यांचं काम मात्र टेरींचं. १८७० च्या दशकात त्यांनी शाळेत कुंभारकामाचा विभाग काढला आणि सिंधमधून कुंभार बोलावले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, तो वेगळा झाला १९३६ साली. हाला वगैरे गावांतले ते कुंभार पिढ्यान्‌पिढ्या मशिदींच्या नि थडग्यांच्या फरशा घडवणारे. तांबडी माती, तिच्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप, त्यावर रंग आणि सगळ्यांवर पारदर्शक झिलई, ही त्यांची रीत. हिरवा, पिवळा, मोरपंखी, गर्द निळा आणि तपकिरी हे त्यांचे रंग. टेरींनी ही रीत घेतली आणि तिच्यावर चित्रं मात्र दोन निराळ्या ठिकाणांहून आणली, एक आपल्या देवादिकांची आणि दुसरी अजिंठ्याची.

अजिंठा का, तर १८७२ पासून याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते. १८८५ पर्यंत हे चाललं. लेण्यांच्या अंधारात उभं राहून मुंबईची पोरं भिंतीवरची चित्रं कॅनव्हासवर उतरवत होती. पेस्तनजी बोमनजी त्यांतले, जगन्नाथ अनंत त्यांतले. त्या चित्रांतल्या कमळवेली, हंस नि दागिने ल्यालेली माणसं मुंबईच्या फुलदाण्यांवर येऊन बसली. पुढे त्या कॅनव्हासांचं काय झालं तर ते लंडनला पाठवले गेले आणि १८८५ च्या आगीत त्यांतले बरेच जळले. त्याआधी मेजर गिल यांनी केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्याच होत्या. भट्टीतून निघालेली माती मात्र आगीला भीत नाही. या फुलदाण्यांवरचा अजिंठा अजून तसाच आहे.

'वंडरलँड आर्ट पॉटरी' या नावानंही ही भांडी ओळखली जातात. सर जॉर्ज बर्डवूड यांनी १८८० मध्ये भारतीय हस्तकलांवर पुस्तक लिहिलं, त्यात या भांड्यांची दखल आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये नमुने आहेत. साहेब मायदेशी जाताना आठवण म्हणून घेऊन गेले आणि आता ती तिकडच्या लिलावांत निघतात. इथे गिरगाव-दादरच्या घरांत ती फारशी आलीच नाहीत. आपल्याला ती परवडत नव्हती आणि जपानी माल स्वस्त होता.

आपल्याकडे बघायची तर भायखळ्याला, राणीच्या बागेच्या दाराशी असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात बघावीत. हे संग्रहालय २ मे १८७२ रोजी लोकांसाठी उघडलं. नाव तेव्हा व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट, १९७५ मध्ये भाऊ दाजींचं झालं. त्याच्या उभारणीत भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट आघाडीवर होते. २००८ साली ते दुरुस्तीनंतर पुन्हा उघडलं तेव्हा मी नुकतीच निवृत्त झाले होते. परळच्या शाळेतून वर्षानुवर्षं मी तिथे मुलांच्या सहली नेल्या. गिरणी कामगारांची मुलं ती. त्यांचा जीव वाघात अडकलेला, आणि म्युझियम म्हणजे वाघाआधीची शिक्षा. एकदा सातवीतल्या एका मुलाने बॉम्बे स्कूलच्या फुलदाणीसमोर उभं राहून विचारलं, "बाई, ही केली कुणी? नाव कुठाय?" त्याचे वडील साच्यावर होते. कापडाच्या ठाणाच्या कडेला गिरणीचं नाव असतं आणि विणणाऱ्याचं नसतं, हे त्याला घरातच माहीत होतं.

मी तेव्हा त्याला सांगितलं ते एवढंच, की भांड्यावर शाळेचं नाव आहे. आज जास्त सांगता येईल. अजिंठ्याच्या कॅनव्हासवर जगन्नाथ अनंतांचं नाव राहिलं, कारण चित्र काढणारा तो 'कलाकार'. तेच चित्र फुलदाणीवर उतरलं की करणारा झाला 'कारागीर', आणि बुडाशी आलं संस्थेचं नाव. 'बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट' एवढंच. चाकावर बसलेल्या सिंधी कुंभाराचं नाव नाही, कुंचला धरणाऱ्याचं नाही. मेडोज स्ट्रीटच्या तिवयांवर तर दुकानाचंही नाव सहसा सापडत नाही. बूड उलटून माती कळते, देश कळतो, साल कळतं. माणूस कळत नाही.

तेव्हा नातेवाईक मंडळींनो, आणि विशेषतः चाळी सोडून निघालेल्यांनो, काळ्या तिवया आणि नक्षीची भांडी भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. आधी उलटी करा. ब्रासोने, लिंबाने, सोड्याने काही घासू नका, तिवईला नवं पॉलिश तर मुळीच मारू नका. जुन्या लाकडाची मऊ चकाकी एकदा गेली की येत नाही आणि किंमतही निम्म्याने उतरते. बुडाचा फोटो काढून मला पाठवलात तर मला जमेल तेवढं सांगीन.

भाचीचा भाऊ न्यू जर्सीला असतो. तो म्हणाला, "तिवई विकू नकोस, मी पुढच्या खेपेला घेऊन जातो." त्याला मी कळवलं, की १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ही तिवई माझ्या अंदाजाने १८६० ते १८९० च्या दरम्यानची. "म्हणजे साहेबांनी जहाजं भरून नेलं ते चाललं, आणि मी माझ्या आजोबांची तिवई न्यायची नाही?" तो म्हणाला. तसंच आहे खरं. कायदा उशिरा आला, पण आला.

भाची तिवईचं काय करणार हे तिचं तिनं ठरवायचं आहे. भाड्याचे पैसे तिला लागणार आहेत, डोंबिवलीची खोली लहान आहे, आणि नवी इमारत कधी उभी राहील ते बिल्डरलाही सांगता येत नाही. वस्तू काय आहे ते मी सांगितलं, व्यापाऱ्याने सांगितलेली रक्कम कमी आहे हेही सांगितलं. दुसऱ्या एका दुकानदाराला बोलावलं आहे. तो तेलाचं वर्तुळ पाहून म्हणाला, "हे काढून द्यायला हवं." भाची म्हणाली, "ते नाही काढायचं. घ्यायची तर तशीच घ्या."